दाबावरून प्रवाह : हायड्रंट-चाचणीच्या गणिताचा इतिहास

शहराच्या जलवाहिन्यांतून आग विझवण्यासाठी दर मिनिटाला किती पाणी मिळू शकेल, हे रस्त्याकडेच्या दोन हायड्रंटांवरील दाब वाचून ठरवण्याची पद्धत आज जलअभियंत्यांच्या नित्य व्यवहारातली आहे. तिचे गणित अर्ध्या पानात मावते आणि तिला लागणारी साधने एका पेटीत बसतात. हे अर्धे पान तयार व्हायला मात्र १८७२ ते १९१६ अशी सुमारे चव्वेचाळीस वर्षे लागली. ती घडण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः न्यू इंग्लंडच्या गिरणगावांत झाली, आणि तिला गती देणारी मंडळी मुख्यतः नगरपालिकांची किंवा अग्निशमन दलांची नव्हती, तर विमा कंपन्यांची होती, ही गोष्ट या इतिहासात सर्वांत लक्षणीय म्हणावी लागेल. पाणी पुरवणाऱ्याला ते पुरेसे आहे असे सांगण्यात हित असते, वापरणाऱ्याला मोजमापाची सवड नसते. आग लागल्यावर खिशातून पैसे मोजावे लागणाऱ्यालाच खरा आकडा हवा असतो.

हायड्रंट म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिनीला जोडलेला, रबरी किंवा कापडी होज लावण्याची सोय असलेला झडपयुक्त नळखांब. त्याच्या तोंडावर दाबमापक बसवून, कोठेही पाणी सोडलेले नसताना जो दाब वाचला जातो त्याला स्थिर दाब म्हणतात, आणि शेजारच्या हायड्रंटातून पाणी वाहत असताना त्याच दाबमापकावर जो कमी झालेला आकडा दिसतो त्याला अवशिष्ट दाब म्हणतात. स्थिर दाब फक्त जलाशय किती उंचावर आहे एवढेच सांगतो. वाहिनी सहा इंची आहे की सोळा इंची, ती आतून गंजून अरुंद झाली आहे काय, वाटेतली एखादी झडप कोणी अर्धवट मिटून ठेवली आहे काय, यांपैकी कशाचाही मागमूस त्यात नसतो. इमारतीच्या गच्चीवरची टाकी तीच असताना पहाटे धो धो वाहणारा नळ सकाळी सगळ्या घरांतले नळ सुरू होताच करंगळीएवढा होतो, तसाच हा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकातील नगरपालिका आपल्या पाणीपुरवठ्याची थोरवी सांगताना नेमका हा स्थिर दाबच पुढे करत, कारण तो वाचायला सोपा आणि ऐकायला भारदस्त असे.

त्या भारदस्तपणाची किंमत बॉस्टनने ९ आणि १० नोव्हेंबर १८७२ रोजी मोजली. समर स्ट्रीटच्या परिसरात एकेकाळी राहती घरे होती आणि तेथील जलवाहिन्या त्या घरांच्या गरजेपुरत्याच घातलेल्या होत्या. पुढे त्याच जागी उंच दगडी गोदामे उभी राहिली, त्यांच्यावर लाकडी सांगाड्याची मॅन्सार्ड पद्धतीची छपरे चढली आणि त्यांत लोकर, कापड व चामडे यांचा प्रचंड साठा होऊ लागला, पण जमिनीखालच्या वाहिन्या होत्या तेवढ्याच राहिल्या. अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन डॅमरेल यांनी मोठ्या वाहिन्या आणि अधिक हायड्रंट यांची मागणी आधीच केली होती, परंतु ती मान्य झाली नव्हती. आगीच्या रात्री वाफेचे बंब एकामागून एक त्याच अरुंद वाहिन्यांना जोडले गेले, आणि प्रत्येक नव्या बंबाने आधीच्या बंबांचे पाणी तोडले. त्या हंगामात घोड्यांमध्ये साथ पसरलेली असल्यामुळे बंब माणसांना ओढावे लागले, ही अडचण इतिहासकार नेहमी सांगतात. पण जागेवर पोचलेल्या बंबांनाही छपरांपर्यंत धार नेता आली नाही, याकडे त्यामानाने कमी लक्ष जाते. सुमारे ६५ एकरांतील ७७६ इमारती नष्ट झाल्या आणि अनेक विमा कंपन्या बुडाल्या.

ज्या विमा कंपन्या तरल्या त्यांत न्यू इंग्लंडच्या गिरणीमालकांच्या परस्पर विमा संस्था होत्या. परस्पर विमा म्हणजे विमेदारच संस्थेचे मालक असणे, म्हणजे एका सभासदाची गिरणी जळाली तर नुकसान सर्वांच्या वर्गणीतून भरून निघणे. ऱ्होड आयलंडमधील गिरणीमालक झकारिया ॲलन यांनी आपली गिरणी आगीच्या दृष्टीने सुरक्षित बांधली असूनही प्रचलित कंपन्या हप्ता कमी करीनात, तेव्हा १८३५ मध्ये त्यांनी गिरणीमालकांची अशी पहिली संस्था काढली. या व्यवस्थेत नफा आग न लागण्यात होता. त्यामुळे या संस्थांनी विमापत्रे विकणाऱ्या दलालांपेक्षा गिरण्या तपासणाऱ्या अभियंत्यांवर अधिक खर्च केला, आणि या तपासनीसांपैकीच एकाने पुढे या विषयाला शास्त्राचे रूप दिले.

जॉन रिप्ली फ्रीमन (१८५५–१९३२) हे त्यांचे नाव. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८७६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी लॉरेन्स या गिरणगावात हायरम मिल्स या नामवंत जलअभियंत्याच्या हाताखाली दहा वर्षे काम केले. मेरिमॅक नदीचे पाणी गिरण्यांना भाड्याने देणारी कंपनी तेथे होती, आणि पाणी विकायचे म्हणजे ते अचूक मोजले पाहिजे, हा संस्कार फ्रीमन यांना तेथे मिळाला. १८८६ मध्ये ते गिरण्यांच्या परस्पर विमा संस्थांकडे आले तेव्हा त्यांना दिसले की, आगीवर मारायच्या धारेविषयी जो तो अंदाजाने बोलतो. कोणी धारेचा सर्वांत लांब उडालेला थेंब मोजून तिची उंची सांगे, कोणी बंबाजवळचा दाब हाच नोझलचा, म्हणजे होजच्या टोकावरील तोंडाचा, दाब धरे, आणि होजच्या आतील खरखरीतपणामुळे वाटेत किती दाब खर्ची पडतो याचा हिशेब जवळपास कोणीच करत नसे.

फ्रीमन यांनी केलेले प्रयोग १८८९ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या वार्षिक ग्रंथात प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या होजमधील दाबाची घट, वेगवेगळ्या नोझलांतून निघणारे पाणी आणि धारेची उपयुक्त पोच यांचे तक्ते त्यांत आहेत, आणि ते पुढे कित्येक दशके अग्निशमनाच्या हस्तपुस्तिकांत जसेच्या तसे छापले गेले. तक्त्यांपेक्षाही त्यांनी केलेली ‘चांगल्या धारे’ची व्याख्या अधिक महत्त्वाची होती : ज्या अंतरापर्यंत धारेचे नऊ दशांश पाणी १५ इंच व्यासाच्या वर्तुळात आणि तीन चतुर्थांश पाणी १० इंच व्यासाच्या वर्तुळात राहते तेथपर्यंतच ती धार आग विझवायला उपयोगी, त्यापुढचा फवारा देखणा असला तरी हिशेबात धरायचा नाही. या व्याख्येतून सव्वा इंचाहून किंचित लहान, म्हणजे १ पूर्णांक १/८ इंची नोझलमधून सुमारे ४५ पौंड दाबाने मिनिटाला २५० गॅलन पाणी देणारी आणि सुमारे ७० फुटांपर्यंत काम करणारी ‘प्रमाण धार’ निश्चित झाली. दाब म्हटला की तेथे दर चौरस इंचावरील पौंड आणि गॅलन म्हटले की अमेरिकन गॅलन, म्हणजे ३.७८५ लिटर, असे समजायचे. हा तपशील क्षुल्लक वाटला तरी शेवटी त्याकडे परत यावे लागणार आहे. शहराला आगीसाठी किती पाणी हवे, या प्रश्नाचे उत्तर या प्रमाण धारेमुळे ‘एका वेळी किती धारा हव्यात’ अशा मोजता येण्याजोग्या भाषेत देणे शक्य झाले.

हायड्रंट-चाचणीच्या दृष्टीने फ्रीमन यांचा १८९१ मधील दुसरा निबंध निर्णायक ठरला. नोझल हेच एक अचूक जलमापक आहे, असा त्याचा विषय होता. वाहत्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी काटकोनात वाकवलेली बारीक नळी प्रवाहासमोर धरायची आणि तिच्यात पाणी किती उंच चढते ते पाहायचे, ही युक्ती फ्रेंच अभियंता आंरी पिटो याने १७३२ मध्ये पॅरिसला सेन नदीवर वापरली होती. पुढे आंरी दार्सी याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या नळीचे टोक बारीक करून ती विश्वासार्ह बनवली. फ्रीमन यांनी ती नदीतून काढून नोझलच्या तोंडाशी आणली आणि असे दाखवले की, गुळगुळीत नोझलमधून निघालेल्या धारेच्या मध्यभागी नोझलमागचा जवळजवळ सगळा दाब वेगाच्या रूपाने शाबूत असतो. म्हणजे धारेच्या मध्यावर पिटो नळी धरून तिच्या दाबमापकावरचा एक आकडा वाचला आणि तोंडाचा व्यास मोजला, की मिनिटाला किती पाणी जाते ते सांगता येते. त्यासाठी मोठा हौद भरून घड्याळ लावण्याची गरज नाही.

यातून आलेले सूत्र असे : तोंडाच्या इंचांतील व्यासाचा वर्ग, पिटो नळीवरील दाबाचे वर्गमूळ, २९.८३ हा स्थिरांक आणि तोंडाच्या घडणीचा गुणांक या चौघांचा गुणाकार म्हणजे मिनिटाला वाहणारे गॅलन. यातील वर्गमूळ टॉरिचेल्लीच्या जुन्या नियमातून आले आहे, कारण पाण्याचा वेग त्याच्यामागील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हायड्रंटचे तोंड फ्रीमन यांच्या नोझलसारखे निमुळते नसल्यामुळे तेथे धार थोडी आकसते. आतील कड गोलसर असेल तर गुणांक ०.९०, काटकोनी असेल तर ०.८० आणि तोंडाची नळी खांबाच्या आत घुसलेली असेल तर ०.७० धरण्याचा संकेत रूढ झाला. चाचणी करणारा मनुष्य पाणी सोडण्यापूर्वी तोंडात बोट घालून कड चाचपतो तो याच कारणासाठी, आणि ज्याने हे केले नाही त्याच्या आकड्यात वीस टक्क्यांची चूक सहज शिरते.

मात्र एवढ्याने फक्त चाचणीच्या वेळी वाहिलेले पाणी कळते. आगीच्या वेळी अनेक बंब लागून वाहिनीतील दाब खूप खाली ओढला जाईल तेव्हा किती पाणी मिळेल, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी संपूर्ण शहराचे हायड्रंट उघडून पाहणे शक्य नसते. हे कोडे सोडवणारे सूत्रही लॉरेन्सच्याच परिसरात घडलेल्या माणसाकडून यावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाने १८८७ मध्ये तेथे पाणी व सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे प्रयोगकेंद्र सुरू केले आणि ॲलन हेझन यांनी ऐन तारुण्यात त्याची धुरा सांभाळली. पुढे प्राध्यापक गार्डनर विल्यम्स यांच्यासह त्यांनी नळांतील घर्षणाविषयीच्या असंख्य जुन्या प्रयोगांचा मेळ घालून एक व्यवहारी सूत्र बसवले आणि १९०५ मध्ये त्याचे तक्ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या सूत्रानुसार नळातील दाबाची घट प्रवाहाच्या १.८५ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले तर प्रवाह हा दाबाच्या घटीच्या ०.५४ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, कारण १ भागिले १.८५ म्हणजे ०.५४.

या घातांकाची खरी किमया गुणोत्तर घेतल्यावर दिसते. हेझन-विल्यम्स सूत्रात नळाची लांबी, व्यास आणि आतील खरखरीतपणाचा गुणांक अशा तीन गोष्टी येतात आणि जुन्या शहरात त्यांपैकी एकही खात्रीने माहीत नसते. परंतु त्याच जागी, त्याच वाहिन्यांतून वाहणाऱ्या दोन प्रवाहांचे गुणोत्तर घेतले की ही तिन्ही अज्ञाते अंश आणि छेद यांतून कापली जातात, आणि उरते ते फक्त दोन दाबघटींचे गुणोत्तर. जमिनीखाली काय पुरले आहे हे न जाणताही ते किती पाणी देईल हे सांगता येणे, ही जलशास्त्रातील मोजक्या सुंदर सोयींपैकी एक मानायला हरकत नाही. उदाहरणार्थ, एका हायड्रंटावर स्थिर दाब ६५ पौंड आहे. शेजारच्या हायड्रंटाचे अडीच इंची, गोलसर कडेचे तोंड उघडल्यावर पिटो नळी २५ पौंड दाखवते, म्हणजे पाणी मिनिटाला सुमारे ८४० गॅलन वाहते, आणि त्या वेळी पहिल्या हायड्रंटावरचा अवशिष्ट दाब ५० पौंडांवर उतरतो. चाचणीतील घट १५ पौंडांची झाली. दाब २० पौंडांपर्यंत खाली जाऊ द्यायचा ठरवला तर परवडणारी घट ४५ पौंडांची, म्हणजे तिप्पट. तिनाचा ०.५४ वा घात सुमारे १.८१ येतो, म्हणून उपलब्ध प्रवाह ८४० गुणिले १.८१, अर्थात मिनिटाला सुमारे १५२० गॅलन. घात काढण्याची कटकट नको म्हणून अभियंत्यांनी असा आलेखकागद छापून घेतला होता, ज्याच्या एका अक्षावर प्रवाहाचा १.८५ वा घात मांडलेला असे, त्यामुळे दोन बिंदू जोडून सरळ रेघ पुढे ओढली की उत्तर मिळे.

हिशेबातील २० पौंडांची मर्यादा मात्र गणितातून आलेली नाही, ती व्यवहारातून आली आहे. हायड्रंट आणि बंब यांच्यामधल्या जोडनळीत पाण्याला वाट काढता यावी आणि बंबाने वाहिनीतून पाणी अक्षरशः शोषून घेण्याची वेळ येऊ नये, एवढा दाब शिल्लक हवा. पुढे आरोग्य अभियंत्यांनी त्याला दुसरे कारण जोडले, ते असे की दाब शून्याखाली गेल्यास गळक्या सांध्यांतून भोवतालचे घाण पाणी पिण्याच्या वाहिनीत ओढले जाते. चाचणीतील घट फार किरकोळ असेल तर तिच्यावरून केलेला अंदाज फसवा ठरतो, म्हणून ती स्थिर दाबाच्या मानाने पुरेशी मोठी असावी असा दंडक आहे.

किती पाणी मिळेल याच्या जोडीला किती हवे याचाही शोध त्याच काळात चालू होता. फ्रीमन यांनी १८९२ मध्ये लोकसंख्येचा हजारांतील आकडा पाचाने भागून त्यात दहा मिळवायचे आणि येणाऱ्या संख्येला २५० गॅलनांनी गुणायचे, असा नियम सुचवला. रॉचेस्टरचे अभियंता एमिल क्विचलिंग यांनी १८९७ मध्ये हजारांतील लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या ७०० पट गॅलन मिनिटाला धरण्यास सांगितले. हे नियम कागदावरच राहिले असते, पण ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोरला लागलेल्या आगीत दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या, इतर शहरांतून धावून आलेल्या दलांचे होज तेथील हायड्रंटांना बसेनात, आणि आग विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने आपले अभियंते शहरोशहरी धाडून पाणी, बंब आणि इमारती यांची तपासणी सुरू केली. या तपासणीत हायड्रंटांचे गट उघडून प्रत्यक्ष प्रवाह मोजण्यावर भर होता. मंडळाचा सॅन फ्रान्सिस्कोविषयीचा १९०५ मधील अहवाल प्रसिद्ध आहे : हे शहर अजून जळाले नाही हेच विमाव्यवसायाच्या सर्व अनुभवाला सोडून आहे, अशा आशयाचा शेरा त्यात होता. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने तो खरा ठरवला, पण त्याबरोबर चाचणीची मर्यादाही उघड केली. जलाशयांपासून येणाऱ्या मुख्य वाहिन्या आणि शहरातील नळ शेकडो ठिकाणी तुटले, आणि अखंड वाहिनी गृहीत धरून काढलेला कोणताही आकडा तेथे निरर्थक झाला. त्या शहराने पुढे आगीसाठी स्वतंत्र उच्चदाब वाहिन्यांचे जाळे उभारले.

मंडळाने १९१६ मध्ये शहरांच्या प्रतवारीचे कोष्टक लागू केले. एकूण ५००० दोषगुणांपैकी १७०० एकट्या पाणीपुरवठ्याला दिले होते, अग्निशमन दलाला १५००. प्रत घसरली की शहरातील प्रत्येक घराचा विमाहप्ता वाढे, त्यामुळे जे डॅमरेल यांना अर्ज करून साधले नव्हते ते हप्त्याच्या धाकाने साधले. हायड्रंटांच्या माथ्यावर दिसणारे रंग हे याच परंपरेचे फलित होय : २० पौंड दाबाला १५०० गॅलन किंवा अधिक पाणी देणारा फिकट निळा, १००० ते १४९९ देणारा हिरवा, ५०० ते ९९९ देणारा नारिंगी आणि त्याहून कमी देणारा तांबडा.

भारतात ही विद्या पाठ्यपुस्तकांतून आली, रस्त्यावर फारशी उतरली नाही. मुंबईला विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० पासून मिळू लागले आणि अग्निशमन दल १८८७ च्या कायद्याने स्वतंत्र स्वरूपात उभे राहिले, तरी अमेरिकन चाचणीचा पायाच येथे नाही, कारण ती चोवीस तास भरलेल्या वाहिनीवर आधारलेली आहे. जेथे पाणी दिवसातून काही तास येते तेथे स्थिर दाब हा घड्याळावर अवलंबून असतो, आणि सकाळी सातला काढलेला उपलब्ध प्रवाह दुपारी तीनला शून्य असू शकतो. म्हणूनच येथील दलांनी पाण्याच्या टँकरवर आणि इमारतींच्या स्वतःच्या टाक्यांवर भिस्त ठेवली, आणि महाराष्ट्रातील २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानेही दर जानेवारी आणि जुलैत दाखला मागितला तो इमारतीच्या आतल्या यंत्रणेचा, रस्त्यावरच्या हायड्रंटचा नव्हे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेतील नियमही, म्हणजे हजारांतील लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या शंभरपट किलोलिटर पाणी दररोज आगीसाठी धरणे, साठ्याविषयी बोलतो, प्रवाहाविषयी नाही. एक लाख वस्तीच्या गावाला त्यानुसार १००० किलोलिटर येतात. क्विचलिंग यांच्या मूळ नियमाने त्याच गावाला मिनिटाला ७००० गॅलन, म्हणजे सुमारे २६,५०० लिटर लागतात, आणि त्या गतीने हा दिवसभराचा साठा चाळीस मिनिटेही पुरत नाही. भारतीय गावांतील आगी न्यू इंग्लंडच्या लाकडी वस्त्यांतल्याइतक्या पसरत नाहीत हे मान्य करूनही, ‘दिवसाला किती’ आणि ‘मिनिटाला किती’ हे प्रश्न वेगळे आहेत, ही जाणीव या नियमात दिसत नाही.

पाठ्यपुस्तकांतून आलेल्या विद्येबरोबर एक चूकही आली. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी क्विचलिंग यांचा गुणांक ३१८२, फ्रीमन यांचा ११३६ आणि आग विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने दिलेल्या अशाच एका सूत्रातला ४६३७ असा लिटरमध्ये पाठ करतात. हे आकडे ७००, २५० आणि १०२० यांना ४.५४६ ने गुणून आलेले आहेत, आणि ४.५४६ लिटर हा ब्रिटिश गॅलन होय. मूळ सूत्रे मांडणारे अभियंते अमेरिकन असून त्यांचा गॅलन ३.७८५ लिटरचा होता. त्यामुळे भारतीय पुस्तकांतील तिन्ही गुणांक सुमारे वीस टक्क्यांनी फुगलेले आहेत, आणि त्यांच्या जागी अनुक्रमे २६५०, ९४६ आणि ३८६१ हे आकडे छापले जायला हवेत.